कमानीवरची तेरा पानं

१

पेइगी मॅकास्किलला चोर ठरवलं गेलं तेव्हा तिच्या तोंडात जवाच्या बिस्किटाचा तुकडा होता. तिने तो सावकाश चावला, गिळला, ओठांवरचे कण पुसले आणि मगच विचारलं, "कोण म्हणतं?"

"चोर असं कुणीच म्हणत नाहीये, बाई," मेजर इनिस म्हणाले. ग्लेनफाराच्या खेळांच्या समितीचे ते चिटणीस. गेली अकरा वर्षं सगळं गाव त्यांच्या शिट्टीवर चालत होतं. "फक्त मूळ वस्तू तुमच्याकडून परत यावी, एवढीच आमची इच्छा आहे."

"म्हणजे चोरच म्हणताय. फक्त इस्त्री करून."

सकाळचे दहा वाजले होते. सभागृहाच्या मागच्या खोलीत चौघंजण होते, दाराशी उभा समितीचा शिपाई धरून. बाहेर मैदानावर ओंडके फेकणाऱ्यांची मापं घेणं चाललं होतं आणि कुठेतरी एक बॅगपाइप बेसूर रडत होता. टेबलावर हिरव्या मखमलीवर एक स्पॉरन ठेवला होता. स्कॉटिश किल्टला, म्हणजे पुरुषांच्या चुणीदार लोकरी घागऱ्याला, खिसा नसतो, म्हणून माणूस आपली किडुकमिडुक कमरेच्या साखळीला अडकवलेल्या ज्या चामडी थैलीत ठेवतो, ती थैली. पण ही काही साधी थैली नव्हती. पेइगीच्या बापाने, कॅलम मॅकास्किलने, चौतीस साली गावाच्या वाद्यपथकासाठी ती केली होती. पुढे सीलचं कातडं, वर चांदीची कमान, त्या कमानीवर कोरलेली आयव्हीच्या वेलाची पानं. पथकाचा म्होरक्या ती वर्षातून दोनदाच घालायचा, नववर्षाच्या नाचाला आणि खेळांच्या दिवशी. एरवी ती सभागृहातल्या काचेच्या कपाटात कुलपाआड असायची.

यंदा समितीने ती विकायला काढली होती. पारखायला आणि विकत घ्यायला एडिनबराहून क्रिस्पिन हॅल्डेन नावाचा जुन्या वस्तूंचा मोठा व्यापारी आला होता. त्याने सकाळी नऊला वस्तू हातात घेतली, चांगला उजेड हवा म्हणून बाजूच्या खोलीत खिडकीशी नेली आणि दहा मिनिटांनी मान हलवत बाहेर आला. वस्तू बनावट निघाली होती.

"आणि मार्च महिन्यात ती अस्तर बदलायला तुमच्याकडे होती," मेजर म्हणाले. "तीन आठवडे."

त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की मी, पेइगी मॅकास्किल, मूळ स्पॉरन आठ दिवसांत परत करीन आणि यापुढे ग्लेनफाराच्या मैदानावर दुकान मांडणार नाही. खाली सहीसाठी रेघ होती. बोभाटा होणार नाही, असं मेजरांनी दोनदा सांगितलं.

त्या मैदानावर पेइगीच्या बापाने एकोणतीस वर्षं दुकान मांडलं आणि तिने त्यानंतर बत्तीस. तिच्या वस्तूंच्या आत जो 'मॅकास्किल' असा छाप असतो, तो पाहून लोक पुढचं काही विचारत नाहीत. सही केली की तो छाप मातीमोल.

"बोभाटा का नाही होणार?" ती म्हणाली. "मला तर हवाय बोभाटा. दाखवा इकडे ती वस्तू."

२

तिने स्पॉरन उचलला आणि सगळ्यात आधी उलटा केला.

"पुढचं बघा की, कमान तर पुढे आहे," हॅल्डेन हसून म्हणाला. चांगला उंच, करड्या सुटातला माणूस. पायाशी प्रवासाची फुगीर बॅग होती.

"पुढचं गिऱ्हाइकाने बघायचं असतं. पारख्याने पाठ बघायची. तोंडाला पावडर लावता येते हो, पाठीला कोण लावतो?"

पाठीचं चामडं तिने अंगठ्याने दाबलं. खऱ्या चामड्यावर बारीक सुरकुत्या पडतात आणि बोट काढल्यावर त्या हळूहळू मिटतात. हे दबलं आणि पुठ्ठ्यासारखं टपकन वर आलं. वास घेतला तर त्याला गोंदाचा वास होता. शिवण मशीनची होती, सगळे टाके सारखे. हाताची शिवण दोन सुयांनी, दोन्हीकडून घालतात, तिच्यातला एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. मशीनच्या शिवणीचं एक टोक ओढलं की सगळी उसवते. मग तिने कमान तळहातावर धरली. चांदी आधी चावते इतकी गार लागते आणि बघता बघता हाताची ऊब घेते. ही घेईना. बिजागरीच्या कडेला पिवळं पितळ डोकावत होतं.

हॅल्डेन म्हणाला, "पटलं ना? चांदी नाही, चामडं नाही, शिवण नाही. खरं सांगतो, फोटोवरून मी फार आशा धरून आलो होतो. तुमच्या गावाला आज पहिल्यांदाच पाय लागले माझे, आणि हे असं."

"वस्तू खोटी आहे," पेइगी म्हणाली. "तुम्ही म्हणता ते अगदी खरं. रद्दी आहे ही."

मेजरांनी सुस्कारा टाकला आणि पेन पुढे केलं.

"थांबा जरा. खोटी आहे म्हटलं, माझी आहे असं नाही म्हटलं."

तिने चष्मा कपाळावर ढकलला, कमान डोळ्यांजवळ आणली आणि नखाने एकेक पान मोजलं. एका बाजूला सात. मग दुसरी बाजू मोजली. तिथेही सात. तिने पुन्हा मोजलं. मग तिच्या तोंडाची उजवी बाजू किंचित वर गेली. तिच्या ओळखीतल्या कुणी ते पाहिलं असतं तर चार पावलं मागे सरकलं असतं.

"गावाची अब्रू जाऊ नये म्हणून मी ही नक्कल घेऊन जायला तयार आहे," हॅल्डेन मेजरांना सांगत होता. "काहीतरी किरकोळ देतो. तुमच्या डोळ्यांसमोर तरी नको ही."

पेइगीने त्याच्याकडे वळून पाहिलं. चाळीस वर्षांत तिने गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हेची पाहिली होती. घासाघीस करणारी, रडणारी, शेजाऱ्याशी स्पर्धा करणारी. पण खोटा माल खोटा आहे हे माहीत असताना तो घरी न्यायला धडपडणारं हे पहिलंच.

"बारा वाजता मिरवणूक निघेल," मेजर म्हणाले. "तोवर सही हवी. नाहीतर मला पोलिसांना कळवावं लागेल. आणि बाई, हे काम तुमचं नसेल तर मशीनवर शिवणारी गावात एकच आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. नाव घ्या, तुम्ही मोकळ्या."

ती एक म्हणजे ऊना मॅकफेल.

३

ऊना एकेकाळी पेइगीची शिष्या होती. सात वर्षं शिकली, मग मशीन घेतलं, मैदानावर बरोबर समोर दुकान मांडलं, आणि तेव्हापासून आठ वर्षं दोघींनी एकमेकींना नमस्कारही केला नव्हता. आज पेइगी तिच्या दुकानासमोर उभी राहिली तेव्हा ऊनाने हातातली कात्री खाली ठेवली.

"मशीनची शिवण, इंचाला बारा टाके, धाग्याला मेण नाही," पेइगी म्हणाली. "तुझी का?"

"इतक्या वर्षांनी तोंड उघडलंत, ते हे विचारायला?"

"हो. उत्तर दे."

ऊनाने खोटा स्पॉरन हातात घेतला. पेइगी तो आणत असताना मेजर ओरडत होते, पण थेट अडवायची हिंमत त्यांना झाली नव्हती. फक्त एक शिपाई मागे पाठवला होता, तो दूर उभा राहून शेवया खात असल्यासारखा आपलीच मिशी चघळत होता. ऊनाने पुढच्या केसांवर फुंकर मारली.

"सील नाही हे. वासराचं कातडं काळं करून लावलंय. आणि केस बघा, आडवे बसवलेत. पावसाचं पाणी खाली ओघळायला केस खाली उतरते लागतात, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी शिकवलं. चुकले तर आरीच्या मुठीने बोटांवर द्यायचात." तिने बोटं पुढे केली, जणू वळ अजून आहेत. "मी मशीनवर शिवते, पेइगीबाई. आंधळी नाही झाले."

"कमान बघ."

ऊनाने पाहिली. मोजत गेली. मग मान वर केली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

"चौदा," ऊना म्हणाली. "आणि कॅलमबाबांची तेरा. एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सहा. जागा पुरली नाही म्हणून सहावं पान रुंद केलं आणि विचारणाऱ्याला सांगायचे, सातवं बकरीने खाल्लं. सात वर्षं दर उन्हाळ्यात मी ती कमान पुसायचे, मला नाही का माहीत?"

"बाकी गावात कुणाला माहीत असेल?"

"कोण मोजतंय? पण करणाऱ्याला मोजावंच लागलं असतं ना. मूळ वस्तू समोर असती तर सहाच कोरली असती."

पेइगीने आपल्या दुकानातून ठशांची वही उचलली. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूच्या नक्षीवर ती कागद ठेवायची, पेन्सिल घासून ठसा घ्यायची आणि मालकाची सही घ्यायची. बापाची पद्धत होती ती. मार्चच्या पानावर तेरा पानं स्पष्ट उमटली होती, खाली पथकाचा म्होरक्या टॉर्मड ग्रेग याची सही.

"तुझं नाव घ्यायला सांगत होते मला," जाता जाता पेइगी म्हणाली.

ऊनाचा चेहरा उतरला. "मग?"

"मग काय. तुझं मशीन मला अजिबात आवडत नाही, पण ते मी तुझ्या तोंडावर सांगेन. त्यांच्या कागदावर नाही."

४

टॉर्मड ग्रेग सभागृहाच्या पायरीवर बसून पाइपची पिशवी फुगवत होता. साडेसहा फुटी माणूस, पण त्या दिवशी शाळेतून काढून टाकल्यासारखा दिसत होता. मिरवणुकीत घालायला त्याच्या कमरेला शेजाऱ्याचा साधा स्पॉरन होता.

"पेइगीबाई, मी काही बोललो नाही हो तुमच्याविरुद्ध," तो म्हणाला.

"बाजूनेही नाही बोललास. असू दे. शेवटचं हातात कधी घेतलास तो?"

"काल चार वाजता. खेळांच्या आदल्या दिवशी चकाकवतो मी, दरवर्षीचंच. खडूची भुकटी आणि मऊ फडकं. मेजर समोर बसले होते. मग त्यांनी कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली घड्याळाच्या साखळीला अडकवली. आज नऊला त्यांनीच काढून हॅल्डेनसाहेबांच्या हातात दिला."

"मधे कुणी?"

"कुणी नाही. कुलूप शाबूत होतं."

पेइगीने त्याचा उजवा हात धरला. नखांच्या कडेला अजून पांढरं होतं. खडूची भुकटी मोठी चिवट असते, कोरीव कामाच्या खाचेत शिरली की ब्रशनेही सहज निघत नाही. तिने खोटी कमान उन्हात धरली. पानांच्या खाचा काळ्या, स्वच्छ होत्या. कणभरही पांढरं नव्हतं.

म्हणजे काल चार वाजता टॉर्मडने पुसला तो हा नव्हेच. मार्चचा प्रश्नच मिटला. अदलाबदल कालच्या चारनंतर झाली होती, आणि त्या वेळेत वस्तूला हात लावू शकणारी माणसं तीन. टॉर्मड, मेजर आणि हॅल्डेन.

"टॉर्मड, हॅल्डेनला कुठला फोटो पाठवला होता रे तुम्ही?"

"तोच की. फलकावरचा. दुसरा आहेच कुठे?"

तिने सभागृहाच्या दारातला फलक पाहिला. मधोमध नववर्षाच्या नाचाचा मोठा फोटो होता. टॉर्मड हवेत उडालेला, दोन्ही हात वर, तोंड उघडं. आणि स्पॉरन अर्थातच कुशीवर सरकवलेला. नाचताना तो पुढे ठेवला तर दर उडीला नको तिथे आपटतो, हे इथल्या पोराला चालायच्या आधी कळतं.

पेइगीने फोटोतल्या कमानीवरून सावकाश नख फिरवलं. मग तिने टाचणी काढून फोटो वहीत ठेवला. पावणेबारा झाले होते.

"टॉर्मड, ऊठ. पाइप घे काखेत. मागच्या खोलीच्या दारात उभं राहायचं, बस. बोलायची गरज नाही, तुला जमतही नाही ते."

५

हॅल्डेन कोट घालून तयार होता. मेजर त्याला सांगत होते की मिरवणूक पुढे सरकेपर्यंत पुलाचा रस्ता बंद आहे, गाडी निघणार नाही, तेव्हा जेवूनच जा.

"सही?" पेइगीला पाहून त्यांनी विचारलं.

"करणार आहे. पण आधी ही वस्तू ज्याने केली, त्याला थोडं शिकवते. पुढच्या वेळी तरी बरी करील." तिने वही उघडली. "हा मूळ कमानीचा ठसा. खाली टॉर्मडची सही. मोजा मेजरसाहेब. एका बाजूला सात पानं, दुसऱ्या बाजूला सहा. आता ही समोरची मोजा."

मेजरांनी मोजलं. बोट मधेच थबकलं, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"मी नक्कल केली असती तर हा ठसा माझ्या वहीत होता. डोळे मिटून तेरा कोरली असती. ऊनाने सात वर्षं ती कमान पुसली आहे, तिने तेराच कोरली असती. टॉर्मड ती घालतो, तुमच्याकडे कपाटाची किल्ली, तुम्ही दोघंही मनात येईल तेव्हा मोजू शकत होतात. चौदा पानं कोण कोरील? ज्याने मूळ वस्तू कधी पाहिलीच नाही तो. ज्याच्याकडे फक्त हा होता." तिने फोटो टेबलावर ठेवला. "बघा. स्पॉरन कुशीवर आहे. सात पानांची बाजू दिसते, दुसरी टॉर्मडच्या मागे गेली. नक्कल करणाऱ्याने दिसली ती बाजू उतरवली आणि दुसरी तिच्यासारखीच असणार असं धरून चालला. पाठ तर त्याला दिसलीच नव्हती, म्हणून पाठीला त्याने पुठ्ठा लावला."

"फोटो फलकावर होता," हॅल्डेन शांतपणे म्हणाला. "सगळ्या गावाने पाहिलाय."

"गावाला फोटोची गरज काय? कपाटाला काच आहे की. फोटोवर विसंबला तो एकच. आज पहिल्यांदा इथे पाय लागले असं स्वतःच सांगणारा."

"ही बाई मुद्दाम चूक करून माझ्यावर ढकलते आहे. मार्चमध्येच तिने—"

"काल चार वाजता टॉर्मडने मूळ वस्तू खडूने पुसली," पेइगीने त्याला पुरं बोलू दिलं नाही. "मेजरसाहेब, तुमच्यादेखत. या खाचांत खडू आहे का बघा. नाही. मग किल्ली रात्रभर कुणाकडे होती? तुमच्याकडे. आणि सकाळी खिडकीशी दहा मिनिटं एकटं कोण होतं? आता मला एवढंच सांगा, खोटा माल विकत घ्यायला इतकं उतावीळ कोण असतं? खोटेपणाचा पुरावा ज्याला घरी न्यायचा असतो तो."

मेजर इनिसांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. कितीही म्हटलं तरी माणूस मूर्ख नव्हता, फक्त मोठ्या शहरातल्या सुटासमोर वाकायची सवय होती.

"हॅल्डेन, तुमची बॅग उघडता का?"

"मुळीच नाही. मी पाहुणा आहे इथे. मला जाऊ द्या."

त्याने बॅग उचलली आणि वळला. दारात टॉर्मड ग्रेग उभा होता. सांगितल्याप्रमाणे नुसता उभा होता, आणि दारात उजेडाला जागा उरली नव्हती.

६

स्पॉरन एका लोकरी गळपट्ट्यात गुंडाळलेला होता, बॅगच्या अगदी तळाशी.

पेइगीने तो हातात घेतला आणि आधी उलटा केला. पाठीचं चामडं वर्षानुवर्षं किल्टच्या लोकरीला घासून चेस्टनटसारखं तुळतुळीत झालं होतं. आत छाप होता. कमान तळहाताला चावली आणि क्षणात उबदार झाली. सहाव्या रुंद पानाच्या खाचेत खडूचा पांढरा धागा बसला होता. तिथे तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत, कोणाच्या बापाचं काय जातं?

खेळांच्या बंदोबस्ताला आलेला हवालदार हॅल्डेनला घेऊन गेला. मिरवणुकीच्या गर्दीतून त्याला पायी जावं लागलं. मेजरांनी दार लावलं, घसा साफ केला.

"बाई, झालं ते वाईट झालं. मी मनापासून क्षमा मागतो. पुढच्या वर्षी तुम्हाला दारातली जागा देतो, सगळ्यात मोक्याची. पण आता पाहुणे बसलेत, तेव्हा हे आपल्यात ठेवू या. बोभाटा नको."

"मला चोर ठरवताना तुम्ही शिपायाला मागे धाडलंत. मैदानभर तो माझ्या मागे फिरला. अर्ध्या गावाने पाहिलं. तो काय आपल्यातच होता?"

तिने टेबलावरचा टाइप केलेला कागद घेतला. तिच्या सहीची रेघ अजून रिकामी होती. कागद उलटा केला, मेजरांचंच पेन घेतलं आणि पाठीवर मोठ्या अक्षरात चार ओळी लिहिल्या. मग तो त्यांच्यासमोर सरकवला.

"मी करणार म्हणाले होते ना सही? आता तुम्ही करा. आणि पहिला पाइप वाजायच्या आधी हे भोंग्यावरून वाचायचं."

"हे? शब्दशः?"

"नाहीतर टॉर्मड वाजवणार नाही."

मेजरांनी टॉर्मडकडे पाहिलं. त्याला हे आत्ताच कळत होतं, पण त्याने पाइप काखेतून काढून खुर्चीवर ठेवला.

बारा वाजून दहा मिनिटांनी पेइगी आपल्या दुकानामागे उभी होती. शेजारी ऊना चहाचे दोन पेले घेऊन आली होती, समोरचं दुकान तसंच उघडं टाकून. मैदानावर शांतता झाली. भोंगा खरखरला.

"मी, रॅनल्ड इनिस, समितीचा चिटणीस, असं जाहीर करतो की पेइगी मॅकास्किल यांच्यावर मी आज सकाळी चोरीचा आळ घेतला. तो खोटा होता. त्यांच्या हातून या मैदानावर आजवर एकही खोटी वस्तू गेलेली नाही. मी वस्तू पारखली नाही, सांगणाऱ्याचा सूट पारखला."

शेवटचं वाक्य त्यांनी इतकं भरभर उरकलं की ते वाऱ्यावर विरून गेलं. पेइगीने पेला खाली ठेवला, दोन्ही हात तोंडापाशी नेले आणि त्या भरल्या मैदानात खणखणीत आवाजात म्हणाली, "शेवटचं नीट ऐकू आलं नाही, मेजरसाहेब. परत वाचा."

मैदानावर कुणीतरी हसलं. मग पुष्कळजण हसले. टॉर्मडच्या कमरेला तेरा पानांची कमान उन्हात चमकत होती, आणि पाइप अजून त्याने तोंडाला लावला नव्हता. भोंगा पुन्हा खरखरला.

मेजरांनी परत वाचलं, सावकाश.